बस्ता : पैठणी टिकली, हिमरू का मागे पडला?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गुलमंडीवर आणि टिळकपथावर पाय ठेवायला जागा उरत नाही. सिल्लोड, वैजापूर, गेवराई, अंबडकडून गाड्या भरून माणसं येतात, ती बस्ता बांधायला. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या श्रोत्यांसाठी हा शब्द उलगडून सांगतो. बस्ता म्हणजे लग्नासाठी दोन्हीकडच्या मंडळींनी एका दुकानात, एका गादीवर बसून केलेली कापडखरेदी. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, विहिणीची मानाची साडी, मामा-मावश्यांचे आहेर, आजीचं इरकली लुगडं, शिवाय टॉवेल-टोप्यांची चळत. कोण किती देणार हे सोयरिकीच्या बैठकीत ठरलेलं असतं, आणि तरीही बस्त्याच्या दिवशी एखादा रुसवा हटकून होतो. लग्न जुळतं पत्रिकेवर, पण त्याची पहिली परीक्षा होते ती बस्त्यात.

आज त्या गादीवर बसलं की जे शब्द कानावर पडतात ते आम्ही थोडे टिपून ठेवले आहेत. शिवलेली नऊवारी. पैठणी लेहंगा. सेमी पैठणी. पेस्टल शेड. आरी वर्कचं ब्लाऊज. नवरदेवासाठी इंडो-वेस्टर्न. हळदीला एक पोशाख, मेंदीला एक, संगीताला एक, लग्नात दोन, रिसेप्शनला आणखी एक. यातलं बरंच काही कुठून आलं हे आपण सगळे जाणतो. ‘बाजीराव मस्तानी’ 2015 च्या डिसेंबरात आला आणि नऊवारी, नथ, चंद्रकोर हे सगळं एकदम हवंहवंसं झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2017 च्या डिसेंबरात, एका क्रिकेटपटूचं आणि एका अभिनेत्रीचं इटलीत लग्न झालं. नवरीचा लेहंगा फिकट गुलाबी होता, आणि तेव्हापासून गुलमंडीवरसुद्धा भडक लाल रंग ‘जुना’ ठरू लागला. त्याच्याही आधी, 2004 पासून, ‘होम मिनिस्टर’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमाने रोज संध्याकाळी एका वहिनींच्या हातात पैठणी ठेवली. जी साडी पूर्वी सरदार-सावकारांच्या घरची, ती चाळीतल्या आणि फ्लॅटमधल्या बाईची हक्काची इच्छा झाली, ती या कार्यक्रमामुळे. इतिहासकाराने असल्या गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत.

या सगळ्या शब्दांवर एक शब्द राज्य करतो. ‘पारंपरिक’. दुकानदार म्हणतो, ताई, हे एकदम पारंपरिक आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे असा शब्द आला की खोड म्हणून विचारावंसं वाटतं, कोणाची परंपरा, कधीपासूनची?

लाल रंगाचंच बघू. आज कोणालाही विचारा, नवरीचा रंग लाल आणि विधवेचा पांढरा. हे आपण हिंदी सिनेमातून शिकलो. मराठी घरात बोहल्यावरच्या मुलीचं वस्त्र पिवळं असायचं. मामाने आणलेली अष्टपुत्री. त्या नावातच ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद आहे. बांगड्यांचा चुडा हिरवा, आणि नंतर सासरकडून आलेली साडी बहुधा हिरवी. उलट, केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला जे नेसवत, ते आलवण, ते होतं तांबडं. म्हणजे दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या आजीसमोर एकरंगी तांबड्या कापडाचा गठ्ठा टाकला असता, तर तिच्या मनात लग्न आलं नसतं. आणि पांढऱ्या गाउनचा युरोपही फार जुना नाही बरं का. राणी व्हिक्टोरिया 1840 मध्ये पांढऱ्या पोशाखात बोहल्यावर चढली, म्हणजे त्यांच्या वेदीसमोर उभी राहिली, आणि मग तो रंग तिथल्या मध्यमवर्गाची ‘पूर्वापार’ चाल झाला. त्याआधी तिकडच्या सामान्य मुली आपला सर्वांत चांगला झगा घालून लग्न करत, रंग कोणताही असो.

तर परंपरा नावाची गोष्ट बदलते, यात विशेष काही नाही. आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो, आणि तो आपल्या शहराचा प्रश्न आहे. या एका जिल्ह्याने जगाला दोन थोर वस्त्रं दिली. पैठणी आणि हिमरू. दोन्हींत रेशीम, दोन्ही दरबारी, दोन्ही हातमागावरची. आज पहिलीचं नाव अमेरिकेतल्या मराठी मुलीलाही ठाऊक आहे. दुसऱ्याचे माग आपल्याच शहरात बोटांवर मोजावे लागतात. एकाच मातीत असं का व्हावं?

पैठणपासून सुरुवात करू. सातवाहनांची राजधानी, गोदाकाठचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वहीत पैठणचं नाव येतं, आणि त्यावरून भाषणांत नेहमी सांगितलं जातं की रोमन स्त्रिया पैठणी वापरत. मूळ मजकूर नीट वाचला तर तसं काही नाही. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून गाड्यांतून येतात ते अकीकासारखे दगड. कापड येतं ते तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. तलम मलमल येते आणि जाडंभरडं कापडही. तेरच्या लोकांना याचं श्रेय कोणी देत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत मात्र विणीचे पट्टे आणि नक्षी असलेली वस्त्रं दिसतात. म्हणजे या पठारावर विणण्याची कला उंचावर होती एवढं खात्रीने म्हणता येतं. पैठणी म्हणून आज आपण ओळखतो ती वीण आणि ते नाव यांचा बोलका पुरावा पेशवाईतल्या पत्रांत आहे. थोरल्या माधवरावांच्या काळात पैठणहून असावलीचे, म्हणजे वेलबुट्टीचे, दुपट्टे रंग नेमून देऊन मागवलेले आढळतात. आणि बघा, दुपट्टे! ते पुरुषही वापरत. पैठणी तेव्हा केवळ बायकांची साडी नव्हती.

ती विणतात कशी हे थोडं समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. पैठणीच्या पदरात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत एका धोट्याने सरळ जात नाही. मोराचा जेवढा हिरवा रंग, तेवढ्याच जागेत हिरव्या धाग्याची छोटी तिल्ली फिरते. शेजारच्या जरीच्या जागेत जरीची तिल्ली. जिथे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत गुंततात आणि माघारी फिरतात. अशा कितीतरी तिल्ल्या एका ओळीत. एक ओळ झाली की फणी ठोकायची, की पुढची ओळ. म्हणून पैठणीचा पदर उलट-सुलट दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो. साध्या काठाची साडी महिन्या-दोन महिन्यांत उतरते, भरलेल्या पदराला वर्ष-दीड वर्षही लागतं. पूर्वी जर खऱ्या चांदी-सोन्याची असायची आणि पदरात किती मासे जर गेली त्यावरून छत्तीसमासी वगैरे नावं पडत. रंगांनाही नावं. काळ्यावर लाल काठ ती काळी चंद्रकळा, पोपटी ती राघू, शुभ्र पांढरी ती शिरोदक. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, त्याकडे परत येऊ.

आता हिमरू. मलिक अंबरने 1610 च्या सुमाराला वसवलेली खडकी, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद. दरबार आला तसे विणकर आले. काही घराण्यांत तर अशी आठवण सांगतात की त्यांचे पूर्वज महंमद तुघलकाबरोबर दौलताबादला आले. बादशहा आणि अमीर किनखाप वापरत, म्हणजे रेशमावर सोन्या-चांदीच्या तारांची वीण. ते अंगावर जड आणि खिशालाही जड. त्याच्यासारखं दिसणारं, पण सुताच्या ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेलं कापड म्हणजे हिमरू. नक्षीचा जादा धागा पाठीमागे मोकळा सुटतो, म्हणून त्याला अस्तर लावतात आणि म्हणून त्याला ऊब असते. शेरवानीला, अंगरख्याला, रजईला याहून योग्य कापड नाही. त्याचं भावंड म्हणजे मशरू. अंगाकडून सूत, बाहेरून रेशीम, म्हणजे धर्मनियमही पाळला गेला आणि हौसही. आम्हाला ही युक्ती फार आवडते. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही तिचं उदाहरण देत असू.

मग हिमरूचं काय झालं? त्याचा गिऱ्हाईक होता दरबारी पुरुष. आसफजाही राजधानी 1763 मध्ये औरंगाबादहून हैदराबादला गेली, हा पहिला धक्का. तरी हैदराबादचे नवाब आणि जहागीरदार मागणी देत राहिले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाड्याच्या दृष्टीने तो मुक्तीचा दिवस, आणि त्याबद्दल आमच्या मनात कसलीही शंका नाही. पण इतिहासात एका दिवसाची एकच बाजू नसते. जहागिऱ्या गेल्या, आणि शेरवानी हा मानाचा वेश राहिला नाही. कचेरीत जाणारा नवा पुरुष कोट-पँट, पुढे बुशशर्ट, पुढे टेरिलीन आणि सफारी घालू लागला. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद दुसऱ्या राज्याची राजधानी झाली. हिमरूला उरले ते अजिंठा-वेरूळ बघायला येणारे प्रवासी. शेरवानीचं कापड शाल झालं, शालीची आठवणवस्तू झाली. जाफर गेटच्या बाजूला, नवाबपुऱ्यात ज्या घरांत माग खटखटत त्या घरांतली पुढची पिढी दुसऱ्या कामांना लागली.

पैठणीचंही पैठणात काही बरं चाललं नव्हतं, हे लक्षात घ्या. पैठण निजामाच्या मुलखात, रेल्वेपासून दूर. पैठणी जगली ती येवल्यात. येवलं इंग्रजी अमलाखालच्या नाशिक जिल्ह्यात होतं, 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे त्याच्या दारातून गेली, आणि पुण्या-मुंबईची बाजारपेठ एका रात्रीच्या अंतरावर आली. आपल्या औरंगाबादला आगगाडी यायला 1900 उजाडलं. तेव्हा भूगोल आणि रूळ यांचा वाटा मोठा आहे. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. येवल्याला गिऱ्हाईक मिळालं ते का? कारण पैठणी लग्नात शिरली होती. नवरीच्या अंगावर, रुखवतात, आहेरात, मग ट्रंकेत. दरबार बुडाले, पेशवाई बुडाली, जहागिऱ्या बुडाल्या, लग्नं काही बुडाली नाहीत. शांता शेळक्यांची ‘पैठणी’ कविता आपण शाळेत वाचली. तिच्यातली पैठणी आजीच्या लग्नातली आहे, आणि ती नातीपर्यंत पोचते. शेरवानी अशी नातवापर्यंत पोचल्याची कविता आम्हाला माहीत नाही.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. 1950-60 च्या काळातले लग्नाचे फोटो काढून बघा. नवरदेव सूट-टायमध्ये, कपाळाला मुंडावळ्या, आणि शेजारी नवरी शालू, शेला, नथ, चुडा अशा पूर्ण साजात. पुरुषाने आधुनिक व्हायचं आणि बाईने परंपरा अंगावर वागवायची, अशी समाजाने वाटणी केली होती. नऊवारी सोडून गोल साडी नेसणाऱ्या मुलींना काय काय ऐकावं लागलं, हे त्या पिढीच्या आत्मचरित्रांत आहे. धोतर सोडून पँट घालणाऱ्या मुलाला कोणी कुलबुडव्या म्हटलं नाही. पैठणी टिकली ती या वाटणीमुळे. बायकांवरच्या बंधनाने एक कला वाचवली आणि पुरुषांच्या मोकळिकीने दुसरी घालवली. हे विधान आम्ही पूर्ण विचाराने करतो आहोत. ते कोणाला टोचलं तरी बदलावंसं वाटत नाही.

पण म्हणून वस्त्र म्हणजे फक्त बंधन, असंही नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजातल्या स्त्रियांना सांगितलं, की गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं नेसण्याची आपली ओळखीची रीत सोडा, जाड गिलटाचे-चांदीचे दागिने सोडा, इतर स्त्रियांसारखं घोट्यापर्यंत नेसा. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणलं. नुसती नेसण्याची पद्धत, पण तिच्यातून गावाला तुमची जात कळायची. पुढे 1956 च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या बौद्ध घरांतून एक नवं लग्न उभं राहिलं. वधू-वर दोघेही पांढऱ्या वस्त्रांत, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पंचशील. जो रंग आजूबाजूचा समाज अशुभ मानू लागला होता, तोच यांनी मंगल केला. आज गुलमंडीवर पांढरा शालू, पांढऱ्यावर जरीकाठ, पांढऱ्यावर निळा काठ हे सगळं मागितलं जातं आणि मिळतं. पांढरी पैठणीही. विकणाऱ्याला ती नवी फॅशन वाटते. तिचं नाव शिरोदक आणि ते जुन्या विणकरांच्या बोलीतलं आहे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असतं.

मग आजच्या बाजाराकडे या. सेमी पैठणी म्हणजे यंत्रमागावर विणलेली, पैठणीसारखी दिसणारी साडी. हजार-दोन हजारांत मिळते. ती घेणाऱ्या मुलीला आम्ही नावं ठेवणार नाही. ज्या घरात कापसाच्या पैशावर लग्न उभं राहतं, तिथे लाखाची साडी घ्या असं सांगणं हा उद्धटपणा आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक विवाह सुरू केला तोच मुळी खर्चाच्या आणि भटजीच्या जाचातून कुणब्याला सोडवायला. शिवलेल्या नऊवारीलाही आमची हरकत नाही. नऊवारी हा मुळात शेतात, घोड्यावर, जात्यावर वावरायचा वेश होता. ती नेसायला शिकवणारी आजी घरात उरली नसेल तर शिंप्याने शिवून दिली, बिघडलं काय?

हरकत आहे ती नावाला. इथे आमच्या विषयातला एक जुना संवाद आठवतो. ‘मिलिंदपञ्ह’ नावाच्या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात. रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर नाही असं येतं. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव. बाबासाहेबांनी आपल्या शहरात 1950 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन, तेव्हा हा प्रश्न विचारायला याहून चांगलं गाव नाही. पैठणी म्हणजे काय? रेशीम? ते बेंगळूरकडून येतं. जर? ती सुरतेची. गाव? विणकर बहुतेक येवल्याचे. रंग आता रासायनिक. बांगडी-मोर? तो तर यंत्रही काढतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीवरही छापतात. एकेक काढत गेलं की शेवटी काय उरतं? ती तिल्ल्यांची, धाग्यात धागा गुंतवण्याची रीत, आणि ती करणारे दोन हात. नागसेन कदाचित म्हणेल की तेही नाव नव्हे. असेल. पण मजुरी त्या हातांना द्यावी लागते, आणि तिथे नागसेनाला विचारून चालत नाही.

कायदे आहेत. 1985 चा हातमाग आरक्षण कायदा आहे, पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. पण ‘सेमी’ हा छोटा शब्द पावतीवर असतो आणि तोंडातून गळतो. बस्त्याच्या गादीवर मंडळी म्हणतात, पैठणी घेतली. यात अडचण अशी की हातमागाची किंमत ऐकली की मग तीच फसवणूक वाटू लागते. ‘तिकडे दोन हजारांत मिळते, तुमची चाळीस हजार कशी?’ हा प्रश्न येवल्याच्या आणि पैठणच्या विणकराला रोज ऐकावा लागतो. नाव लग्नाने जगवलं आणि आता त्याच लग्नाच्या घाईत ते हातांपासून सुटतंय.

आणि हिमरू? गेल्या वीसएक वर्षांत एक मौज झाली आहे. नवरदेव शेरवानीकडे परत आला. सूट-टाय रिसेप्शनला, लग्नाला शेरवानी, वर फेटा. ज्या कपड्यावर हिमरू जगला, तो कपडा आता मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नात आहे, मग नवरदेव कोणत्याही जातीधर्माचा असो. आणि त्या शेरवानीचं कापड? बहुतेक वेळा यंत्रमागाचं, कृत्रिम धाग्याचं, परराज्यातून शिवून आलेलं. जाफर गेटपासून गुलमंडी चालत गाठता येते. तेवढं अंतर आमच्या शहराने अजून ओलांडलेलं नाही. नवरदेवाची पूर्ण शेरवानी सोडा, उपरण्याएवढा हिमरू बस्त्यात धरला तरी मागावरच्या माणसाला काम मिळेल. शेल्याच्या टोकाशी गाठ बांधायला ते उपरणं चालतंच. धार्मिक अडचण कोणतीही नाही, आम्ही दोन गुरुजींना विचारून घेतलं आहे.

वेळ संपत आली, प्रश्नांकडे वळू. एक विनंती. ‘सर, खरी पैठणी कोणत्या दुकानात मिळते’ हे विचारू नका, दुकानांची नावं आम्ही सांगत नाही. पदर उलटा करा. मागे कापलेले, लोंबणारे धागे दिसले तर ती यंत्राची. मोर दोन्हीकडून सारखाच दिसला तर विणणाऱ्याचं नाव विचारा, दुकानदाराला ते बहुधा माहीत असतं. आणि हिमरू असेल तर याच्या उलट. त्याचे धागे पाठीमागे मोकळे असायचेच.